काकाकुवाचा नमस्कार

मला एका जागी बसवत नाही. ही सवय आजची नाही. कचेरीत असतानाही मी फाईल हातात घेऊन टेबलांच्या मधून फिरत फिरत वाचायचो. निवृत्त झाल्यावर तर शाहूपुरीतल्या आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून येरझाऱ्या सुरू झाल्या. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी, परत हॉल. बायको प्राथमिक शाळेत शिकवते, तिची निवृत्ती अजून लांब आहे. ती डबा भरता भरता म्हणायची, "अहो, फरशी झिजेल. रंकाळ्याला तरी जाऊन फिरा." मी रंकाळ्याला जायचो, अर्ध्या फेरीत कंटाळायचो आणि परत घरी येऊन हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी.

अशा घरात आमच्या मुलीनं तिचा काकाकुवा आणून ठेवला.

मुलगी पुण्यात नोकरीला होती. तिथं तिच्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं, सासरी पक्षी चालणार नव्हता, म्हणून हिनं तो आपल्या खोलीवर आणला, कागदपत्रांसकट. तीन वर्षं सांभाळला. मग हिला जर्मनीत काम मिळालं. पक्षी बरोबर न्यायचा तर परवानग्यांचं एवढं लचांड निघालं, की तिनं तो नाद सोडला आणि एका रविवारी पिंजरा घेऊन दारात हजर झाली. म्हणाली, "बाबा, तुम्ही तर लहानपणापासून पोपट पाळलेला माणूस. तुमच्याशिवाय कोण सांभाळणार याला?"

खरं सांगतो, मी फुशारलो. एरवी तिचं-माझं फारसं जमत नव्हतं. जर्मनीला जाण्यावरूनच आमचं वाजलं होतं. "परत कधी येणार ते आधी सांग, मग बघू," हे माझं एकच वाक्य. तिला ते सांगता येत नव्हतं आणि मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. गेली त्या दिवशी बसस्टँडवर ती पाया पडायला वाकली, तर मी "असू दे, असू दे" म्हणत दोन पावलं मागं सरकलो. बस सुटली तेव्हा मी वेळापत्रकाच्या फळ्यासमोर फेऱ्या मारत होतो.

पोपट मात्र मी पाळलेला होता, ते खोटं नाही. आमच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या दारात हुकाला मिठूचा पिंजरा टांगलेला असे. तेव्हा घरोघरी मिठू असत. आता त्याला कायद्यानं बंदी आहे, ते बरंच झालं. आमचा मिठू हिरवागार, लाल चोचीचा, गळ्याला गुलाबी पट्टी. गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, "या पावणं, च्या घ्या." हे वडिलांनी शिकवलेलं. पद्धत सोपी होती. हिरवी मिरची पिंजऱ्यापासून वीतभर लांब धरायची आणि म्हणायचं, "आदी बोल, मग देतो." बोलला की मिरची. नाही बोलला की पिंजऱ्यावर फडकं. त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. बोट आत घातलं की तो रक्त काढायचा. त्यालाही कुणाचा हात नको होता. अकरा वर्षं तो आमच्याकडे होता, मी त्याला एकदाही शिवलेलो नाही. वडिलांची हीच पद्धत आम्हा भावंडांनाही होती. पाढा म्हण, मग जेव. चूक कबूल कर, मग घरात ये.

त्यामुळं पोपट म्हणजे काय हे मला पाठ होतं. काकाकुवा म्हणजे पांढरा पोपट, एवढाच काय तो फरक, असं मी धरून चाललो.

पहिल्या आठवड्यातच घरभर पांढरी भुकटी दिसायला लागली. टीव्हीवर, देव्हाऱ्यावर, बायकोच्या काळ्या पर्सवर. तो अंग झाडायचा आणि उन्हाच्या तिरिपेत ते पीठ तरंगताना दिसायचं. बायको म्हणाली, "पोपट आणलाय की गिरणी?" लाकूड दिसलं की तो कुरतडायचा. बाल्कनीच्या दाराची चौकट त्यानं चार दिवसांत पोखरली. आणि आवाज! मिठू ओरडला तर दुकानापुरता ओरडायचा. हा ओरडला की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत यायची. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हार्डवेअरवाल्यानं जिन्यात मला गाठलं. "साहेब, पोपट हाय का भोंगा हाय ओ ते?" मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. डोक्यावर त्याला तुरा होता, लांब पिसांचा. दचकला की तुरा उभा, खूश झाला की उभा, रागावला तरी उभा. निवांत असला की मागं चापून बसवलेला. माझ्याकडं असताना तो चापलेला असा मी क्वचितच पाहिला.

बोलायचा मात्र काही नाही. एकच शब्द, तोही मुलीच्या आवाजात. "ये की." संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास तो बाल्कनीकडं तोंड करून म्हणायचा, "ये की. ये की." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरोखर दार उघडायला गेलो होतो.

एवढा मोठा पक्षी आणि बोलत नाही, हे मला पटेना. मी शेंगदाणे घेऊन शिकवायला लागलो. बायको शाळेत गेली की मी पिंजऱ्यासमोर उभा. दाणा वीतभर लांब. "बोल. या पावणं. आदी बोल, मग देतो." तो दांडीवरून सरकत सरकत जाळीपाशी यायचा आणि डोकं खाली घालायचा. एकदम खाली, मानेवरची पिसं फुलवून, कपाळ जाळीला टेकवून. तसाच थांबायचा.

मी म्हटलं, अरे वा, हा तर नमस्कार करतो. मुलीनंच शिकवलं असणार. मला त्याचं कौतुक वाटलं. मी हसून म्हणायचो, "असू दे, असू दे. आदी बोल." तो आणखी थोडा वेळ डोकं तसंच ठेवायचा. मग मी फेऱ्या मारायला निघायचो, की तो दांडीवरून या टोकाला, त्या टोकाला. मी हॉलमध्ये, तो पिंजऱ्यात. घरी कुणी आलं की मी मुद्दाम दाखवायचो, "बघा, पोपट पाया पडतो आमचा." निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला तर भराभर हात जोडलेले आले. संस्कारी पक्षी, असं एकानं लिहिलं.

दोन महिने हे चाललं. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मला मूठभर पिसं दिसली. पांढरी, मऊ, छातीवरची. मला वाटलं, गळत असतील, हवा बदलली की मिठूचीही गळायची. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी मी त्याला करताना पाहिलं. मान वळवून तो एकेक पीस चोचीत धरायचा, ओढायचा, क्षणभर चावून खाली टाकायचा. शांतपणे, एखादी बाई भाजी निवडते तसा. मी पिंजऱ्यावर हात आपटला. तो थांबला. मी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो तर परत सुरू.

इथून पुढं मी जे वागलो त्याची मला लाज वाटते. बायको यायच्या आत मी ती पिसं गोळा करून कागदात गुंडाळायचो आणि खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून यायचो. मुलीचा रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. "बाबा, दाखवा त्याला." मी फोन असा धरायचो की नुसतं डोकं आणि तुरा दिसावा. तिचा आवाज ऐकला की तुरा ताडकन उभा राहायचा. ती हसायची. "मजेत आहे ना?" "एकदम मजेत. दाणे खातो, नमस्कार करतो." नमस्कार म्हटल्यावर ती जरा थांबली होती. "कसला नमस्कार?" मी म्हटलं, "तूच शिकवलायस की." तेवढ्यात तिच्या दारावर कुणी आलं आणि ते तिथंच राहिलं.

बायकोला पिसं सापडली ती शाळेला सुट्टी होती त्या दिवशी. तिनं पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "कधीपासून?" त्याची छाती तोवर उघडी पडली होती. गुलाबी, सुरकुतलेली कातडी, वर काटे आलेले. मी म्हटलं, आठ-दहा दिवस. ती म्हणाली, "खोटं बोलू नका." मग म्हटलं, महिना झाला. ती पर्स घेऊन उठली. "चला."

कोल्हापुरात म्हशीचा डॉक्टर पाहिजे तेवढा मिळतो, पक्ष्याचा शोधावा लागतो. शेवटी एक तरुण डॉक्टरीण बाई पक्षी बघतात असं कळलं. रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन बसलो. वर चादर टाकली होती, ती वाऱ्यानं सरकली. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "पावणं, कोंबडं हाय काय? निम्मं सोलूनच आणलायसा की." बायको खिडकीबाहेर बघत राहिली. मी चादर परत वर ओढली. एरवी मी त्याला सोडला नसता.

डॉक्टरीण बाईंनी त्याला टॉवेलात घेतलं, तपासलं, रक्त काढलं. मग मला त्याचा दिवस विचारला. काय खातो, किती झोपतो, पिंजऱ्याबाहेर किती वेळ असतो. मी म्हटलं, बाहेर नाही काढत, चावेल. पोपटाला कुठं बाहेर काढतात? त्या म्हणाल्या, "काका, हे पोपटातलंच, पण घराणं वेगळं." मग त्यांनी सांगितलं. याला तुरा असतो, तो हलतो. याच्या पिसाखालची पिसं झिजून त्याची पावडर होते, तीच तुमच्या घरभर दिसते. याच्या जातीत तुम्हाला हिरवा किंवा निळा रंग बघायला मिळणार नाही. पोटातसुद्धा फरक, याला पित्ताची पिशवी असते, बाकीच्या बऱ्याच पोपटांना नसतेच. मला हे सगळं ऐकताना बरं वाटत होतं, कारण यातल्या कशातच माझी चूक नव्हती.

"पण घरात ठेवणाऱ्यानं लक्षात घ्यायचा फरक दुसराच आहे," त्या म्हणाल्या. "आपला मिठू बोलतो. तो बोलण्यावर राहू शकतो. एरवीही ते पोपट एकमेकांना फार शिवत नाहीत, हातभर अंतर ठेवून बसतात. काकाकुवा दिवसदिवस जोडीदाराला चिकटून बसणारा. बोलायला एवढा हुशार नसतो. त्याला हात लागतो, काका. अंगाला कुणाचा तरी हात. याला कोण हात लावतं घरात?"

बायको म्हणाली, "मी नाही. मला चोचीची भीती वाटते."

मी म्हटलं, "नाही, पण तो चांगला राहतो माझ्याशी. रोज नमस्कार करतो."

"म्हणजे?"

मी करून दाखवलं. मान खाली, कपाळ पुढं. डॉक्टरीण बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी टॉवेल सैल केला आणि बोट त्याच्या डोक्याजवळ नेलं. त्यानं लगेच डोकं खाली घातलं, पिसं फुलवून, अगदी तसंच. त्यांनी तुऱ्याच्या मागं, मानेवर, हळूहळू खाजवायला सुरुवात केली. त्याचे डोळे मिटले. गालाची पिसं पुढं येऊन चोचीवर पसरली आणि तुरा पूर्ण खाली बसला.

"हे होतं तुमचं नमस्कार करणं," त्या म्हणाल्या. "खाजव म्हणतोय तो. किती दिवस करत होता?"

"दोन महिने," मी म्हटलं. "जास्तच."

त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की सध्या नुसती पिसं काढतोय, उद्या कातडीला चोच लावली तर प्रकरण हाताबाहेर जाईल, असे पक्षी दगावतात. डोकं आणि मान एवढंच खाजवायचं, पाठीवर हात फिरवायचा नाही. आणि गडबड करायची नाही, बसून करायचं.

रविवारी मुलीला मी सगळं दाखवलं. फोन खाली नेला आणि छाती दाखवली. मी भराभर सांगत सुटलो, डॉक्टर, औषध, मला माहीत नव्हतं, आपला मिठू होता ना. तिनं फोन बंद केला. तासाभरानं आवाजातला निरोप आला, पुण्याच्या ऑफिसात शिकलेल्या त्या सरळ, थंड मराठीत. त्याच्या खाण्याची यादी, आंघोळीचे वार, आणि शेवटी एक वाक्य. "मी डिसेंबरात येते, तेव्हा पुण्याची माझी एक मैत्रीण गाडी घेऊन येईल. त्याला ती नेईल." शिवी दिली असती तर मला चाललं असतं.

त्या दुपारी मी पिंजऱ्याचं दार उघडलं. तो दारातून बाहेर आला, दारावरच चढून बसला आणि माझ्याकडं एका डोळ्यानं बघायला लागला. मी बोट पुढं केलं. त्यानं चोचीत धरलं. दाबलं, पण फोडलं नाही. मग सोडलं आणि डोकं खाली घातलं. मला जमेना. बोट कुठं ठेवायचं, किती जोर द्यायचा, काही कळत नव्हतं. साठीला आलेला माणूस मी, आणि कुणाच्या डोक्यावरून हात फिरवायचा म्हणजे काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मुलगी तान्ही असताना उचलून घेतली होती, ती चालायला लागल्यावर बहुतेक सोडलीच. मी खुर्ची ओढून बसलो. पाच मिनिटांत उठावंसं वाटलं. उठलो की तो किंचाळायचा. परत बसलो.

असे आम्ही दोघं एकमेकांना सवय लावत गेलो. माझे पाय खुर्चीखाली हलत राहायचे, पण बोट त्याच्या मानेवर असायचं. कोपऱ्यावरच्या सुतारचाचांनी फळ्यांचे उरलेले तुकडे पिशवी भरून दिले. "घ्या साहेब, त्येला बी कायतरी काम पायजे की." तो ते तुकडे फोडायचा आणि मध्येच येऊन डोकं माझ्या मनगटाखाली घालायचा. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस परत तळाशी पिसं दिसायची. दिसली की माझा दिवस वाया जायचा. मी ती मोजायचो नाही, पण कागदात गुंडाळून लपवलीही नाहीत. बायको आल्यावर दाखवायचो. दिवाळीच्या सुमारास छातीवर कापसासारखी लव दिसायला लागली. मला आनंद झाला, पण डिसेंबर जवळ आला होता. तिनं त्याला नेलं तर मी काय करणार होतो? हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी. बायकोला मी विचारलंही, "ती खरंच नेईल काय गं?" ती म्हणाली, "तिला विचारा की. मला काय विचारता?" मी विचारलं नाही. आधी तिनं बोलावं, असं कुठं तरी अजूनही वाटत होतं.

ती आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. जिन्यात तिची पावलं वाजली तसा तो तुरा उभारून असा ओरडला की खालचा हार्डवेअरवाला बाहेर आला असेल. ती बूट न काढताच आत आली आणि हात पुढं करून म्हणाली, "ये की!" तो माझ्या खांद्यावरून तिच्या हातावर, हातावरून खांद्यावर. तिनं त्याला उजेडात नेलं आणि छातीवरची लव फुंकर मारून बाजूला करून पाहिली. बराच वेळ पाहिली. मध्ये रुपयाएवढी जागा अजून उघडीच होती. मी देव्हाऱ्यापासून बाल्कनीपर्यंत गेलो, परत आलो.

"बाबा, बसा जरा," ती म्हणाली.

मी माझ्या खुर्चीत बसलो. मी बसलेला दिसलो, तसा तो तिच्या खांद्यावरून तिच्या दंडावर उतरला, मान लांब केली आणि माझ्यासमोर डोकं खाली घातलं. माझं बोट आपोआप तुऱ्याच्या मागं गेलं. त्यानं डोळे मिटले. मुलगी हात तसाच धरून उभी राहिली, तिचा दंड भरून आला असेल, पण तिनं हलवला नाही. ती त्याच्याकडं बघत नव्हती. माझ्या बोटाकडं बघत होती.

मग तिनं त्याला पिंजऱ्याच्या माथ्यावर ठेवलं. "मैत्रिणीला फोन करतो," ती म्हणाली, आमच्या कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं, पुणं विसरून. "येऊ नको म्हणून सांगतो."

मी मान हलवली.

"आणि पाया पडायचं राहिलंच की," असं म्हणून ती वाकली. मी खुर्चीत होतो, मागं सरकायला जागा नव्हती. असू दे असू दे हे शब्द तोंडात आले होते. पण तिचं डोकं समोर खाली आलं, मानेवरचे केस बाजूला झालेले, आणि गेले तीन महिने माझा हात जे शिकला होता तेच त्यानं केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानामागं, मानेवर, हळूहळू बोटं फिरवायला लागलो. मी काय करतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मुलीनं डोकं वर केलं नाही. ती तशीच माझ्या पायांपाशी फरशीवर बसली.